आराखडा जमिनीवर बसवताना



पगारवाढ, बोनस, यंत्रमागाच्या पाळ्या हे आमचे नेहमीचे विषय. त्यांवर बोलायचे असते तर आम्ही हातात कागद न घेता उभे राहिलो असतो. आज मात्र आम्ही मुद्दाम निराळा विषय मागून घेतला. इंजिनियरने काढलेला घरांचा आराखडा संगणकातल्या नकाशावर नेमक्या जागी कसा बसवायचा, हा तो विषय. युनियनच्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. शाळा सातवीत सोडल्यामुळे असा प्रश्न विचारणारे आम्हांला पुष्कळ भेटतात. उत्तर एवढेच की, आमच्या माणसांचे घर कुठे आहे हे आता घराकडे पाहून ठरत नाही, ते नकाशाकडे पाहून ठरते.

शाळेत आलेखाच्या कागदावर आपण बिंदू मांडत होतो, ते आठवा. आडवे इतके, उभे इतके. त्या दोन आकड्यांना निर्देशक म्हणत. आराखडा काढणारा हेच करतो, पण शून्य आपल्या सोयीने धरतो. वसाहतीच्या फाटकाचा कोपरा म्हणजे शून्य. मोजतो फुटांत, नाहीतर मिलिमीटरांत. कागदावर रस्ता आडवा दिसावा म्हणून उत्तर दिशाही खुशाल वळवून ठेवतो. यात त्याचे काही चुकत नाही. घर बांधायला एवढे पुरते. त्या कागदाला प्रत्येक भिंतीची लांबी पाठ असते, पण आपण पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहोत याचा त्याला पत्ता नसतो.

आता हा आराखडा डीएक्सएफ नावाच्या फाइलीतून नकाशाच्या प्रणालीत आणला की काय होते? क्यूजीआयएस नावाची एक प्रणाली आहे. गॅरी शर्मन या गृहस्थांनी २००२ साली तिचे काम सुरू केले, आणि ती फुकट मिळते, म्हणून आमच्यासारख्यांना जवळची. तिच्यात फाइल उघडली आणि हे आकडे अक्षांश-रेखांश आहेत असे सांगितले, तर फाटकाचा कोपरा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन पडतो, कारण शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश तिथे भेटतात. त्याऐवजी यूटीएम पद्धतीचा ४३ क्रमांकाचा पट्टा सांगितला, तर वसाहत मालदीव बेटांच्या पश्चिमेला समुद्रात. आमची पोरे हे पाहून हसली. आम्ही म्हटले, हसून घ्या. समुद्रात पडलेली चूक बरी, ती लगेच दिसते. आठ मीटरांची चूक दिसत नाही.

पट्ट्याचे नाव सांगणे आणि आकडे त्या पट्ट्यात रूपांतरित करणे, या दोन निराळ्या क्रिया आहेत. पुष्कळ घोटाळा इथेच होतो. पोत्यावरचे ‘मण’ खोडून ‘क्विंटल’ लिहिले म्हणून आतली ज्वारी वाढत नाही. पट्टाही जागेप्रमाणे बदलतो. पुणे, सोलापूर, कोल्हापूर ४३ मध्ये येतात, तर नागपूर ४४ मध्ये. शिवाय जुन्या सरकारी नकाशांमागे पृथ्वीचा जो आकार धरला होता, तो एव्हरेस्टसाहेबांच्या १८३० च्या हिशेबाचा. आजचे उपग्रह डब्ल्यूजीएस ८४ हा दुसरा आकार धरतात. दोहोंची सरमिसळ झाली तर आपल्या दक्षिण महाराष्ट्रात जागा शंभर मीटरांहून अधिक सरकते.

मग आराखडा बसवायचा कसा? ज्यांची खूण आराखड्यातही आहे आणि जमिनीवरही आहे, असे बिंदू शोधायचे. हद्दीचा दगड, जोत्याचा कोपरा. जमिनीवरचे खरे निर्देशक यंत्राने मोजायचे आणि आराखड्यातले बिंदू त्यांवर नेऊन ठेवायचे. असे दोन बिंदू मिळाले की आराखडा सरकवता येतो, वळवता येतो, आणि सगळीकडे सारख्या प्रमाणात लहानमोठा करता येतो. इथे एक चांगली परीक्षा आपोआप होते. आराखडा फुटांचा असेल तर त्याचे मीटर करणारा गुणक ०.३०४८ च्या अगदी जवळ यायला हवा. तो ०.३१ आला तर कुठला तरी बिंदू खोटा आहे, नाहीतर आराखड्याप्रमाणे बांधकाम झालेले नाही.

दुसरी रीत तीन बिंदूंची. तिला अॅफाइन म्हणतात. तिच्यात आराखडा आडवा एका प्रमाणात आणि उभा दुसऱ्या प्रमाणात ताणता येतो, तिरकाही करता येतो. कागद ओला होऊन आक्रसलेला जुना नकाशा असेल तर ही रीत उपयोगी. पण संगणकावर काढलेला आराखडा आक्रसत नाही. त्याला ताणणे म्हणजे कापड ओढून पन्हा वाढवणे होय; सूत तेवढेच राहते आणि नक्षी मात्र वाकडी होते. आणखी एक गोम आहे. या रीतीत सहा आकडे काढायचे असतात आणि तीन बिंदू नेमके सहा आकडे पुरवतात. त्यामुळे तीनच बिंदू दिले, तर ते कितीही चुकीचे असोत, संगणक दर वेळी उत्तर देतो की चूक शून्य.

ही शून्य चूक आमच्या अंगावर आली. नदीकाठी यंत्रमाग कामगारांची एक वसाहत आहे, चौऱ्याऐंशी खोल्यांची. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर एका कार्यालयाने वसाहतीचा आराखडा पूररेषेच्या नकाशावर बसवला आणि अकरा खोल्या निळ्या रेषेच्या आत दाखवल्या. आपल्याकडे निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात, लाल शंभर वर्षांतल्या. अकरा कुटुंबांना नोटिसा गेल्या. बायका म्हणाल्या, “अहो, २०१९ च्या एवढ्या पुरात आमच्या पायरीला पाणी लागलं नाही!” साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर छापले होते, चूक शून्य.

आम्ही तो कागद मागून घेतला. बिंदू तीन, आणि तिन्ही रस्त्याच्या बाजूचे. दोन फाटकाच्या रांगेत, तिसरा पंपघराचा, रस्त्यापासून अवघ्या बारा मीटरांवर. तोही जागेवर मोजलेला नव्हता, उपग्रहाच्या छायाचित्रावरून टिपलेला, आणि टिपला होता छपराचा कोपरा. छायाचित्र तिरके असले की छप्पर जोत्यापासून सरकलेले दिसते. इथे ते मीटरभर नदीकडे सरकले होते. आता तिसरीतल्या मुलाचे गणित करा. बारा मीटरांवर एक मीटर चूक, तर शहाण्णव मीटरांवर किती? आठ. नदीकडची शेवटची रांग बरोबर शहाण्णव मीटरांवर होती. घरे जागची हलली नव्हती, आराखडा ताणला गेला होता.

वर्गणी काढून आम्ही मोजणीदार आणला. उपग्रहाचे यंत्र, दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत नेमके दाखवणारे. खिशातला फोन इथे चालत नाही, तो मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटर चुकतो. सात बिंदू घेतले, चारी बाजूंना पसरलेले, नदीकडचे दोन त्यांत मुद्दाम धरले. चार बिंदूंवर आराखडा बसवला, ताण न देता. उरलेले तीन फक्त तपासायला बाजूला ठेवले. फुटांचा गुणक अपेक्षेप्रमाणे आला. यूटीएमच्या सपाट कागदामुळे आमच्या भागात शंभर मीटरांमागे तीन-साडेतीन सेंटिमीटर कमी येतात, तेवढाच फरक. तपासणीच्या तीन बिंदूंवर चूक सहा ते नऊ सेंटिमीटर. ज्या कागदावर थोडी चूक लिहिलेली असते, त्या कागदावर आमचा आता अधिक विश्वास बसतो.

पूररेषा सरकारची, ती आम्ही होती तशीच घेतली. अकरापैकी नऊ खोल्या तिच्या बाहेर निघाल्या. दोन आतच राहिल्या. वसाहतीच्या सभेत काही जण म्हणाले, त्या दोहोंचे नाव कशाला काढता? पुष्कळ वादावादी झाली. अखेर सातही बिंदू, चुकीचे आकडे आणि त्या दोन खोल्या, सारे एकाच अर्जात लिहून दिले. एक खोली खाली करून पाहणीच्या वेळी पायरी मोजली, ती शेजारच्या रांगेहून खरोखरच खाली होती. नऊ नोटिसा रद्द झाल्या. दोन कुटुंबांना वरच्या बाजूला जागा मिळावी याची बोलणी अजून चालू आहेत.

आपल्या वसाहतीचा आराखडा कोणी नकाशावर बसवला असेल तर त्याला विचारा: बिंदू किती, कुठले, जागेवर मोजले की चित्रावरून, आणि तपासायला वेगळे किती ठेवले? शून्य चूक सांगितली तर बिंदू मोजून पाहा. आमच्या सोसायटीच्या पत्र्याच्या पेटीत सात बिंदूंची यादी, पट्ट्याचे नाव आणि प्रत्येक कोपऱ्याचा फोटो ठेवला आहे. पंपघर येत्या पावसाळ्याआधी पाडायचे ठरले आहे. म्हणून त्याआधी पाण्याच्या टाकीच्या जोत्यावर नवा बिंदू घ्यायचा आहे. मोजणीदाराला पुढच्या रविवारी बोलावले आहे.