संशय कुणावर, माया कुणावर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



रहस्यकथा वाचायची ती एकट्यानं आणि रहस्यमालिका पाहायची ती चारचौघांत. माझ्या पिढीनं दोन्ही केलं. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानातून बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' आणला, नारायण धारप आणले. मामूंच्या पेटीतली इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' चोरून वाचली. त्या पुस्तकांतलं रहस्य एका बैठकीत सुटायचं. फारच जीव टांगणीला लागला तर शेवटचं पान आधी वाचायची सोय होती. मालिकेत ती सोय नाही. आजचा भाग संपला की उद्या रात्रीपर्यंत वाट पाहायची आणि मधल्या वेळात आपणच गुप्तहेर व्हायचं.

मी सांगतोय ते झी मराठीवरच्या 'रात्रीस खेळ चाले'बद्दल. २२ फेब्रुवारी २०१६ला ही मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिचं पहिलं पर्व संपलं. कोकणातलं नाईकांचं घर. अण्णा नाईक जातात, मुलं गावी जमतात आणि त्या घरात एकामागून एक विपरीत गोष्टी घडू लागतात. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातलं. पुढं लोक तो वाडा बघायला गाड्या करून जाऊ लागले.

ते वर्ष आठवा. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हेच वर्ष. आमच्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. दिवसभर टँकरची वाट पाहायची आणि रात्री साडेदहाला कोकण पाहायचं. शेजारच्या काकूंना भुताचं काहीच वाटत नसे. पडद्यावर माडांची दाटी दिसली की त्या म्हणायच्या, "केवढी झाडी बाई! भूत असू दे, पण पाणी तर असंल तिथं." सप्टेंबरअखेर पाऊस झाला, धरण भरलं. तोवर मालिकाही शेवटाला आली होती.

भाषेचीही गंमत होती. 'झिल' म्हणजे मुलगा, 'चेडू' म्हणजे मुलगी, हे आमच्याकडं कुणाला ठाऊक? पहिले आठ दिवस मालवणी हेच एक रहस्य होतं. मग पोरं शाळेत गृहपाठाबद्दल विचारलं की पांडूसारखं "इसरलंय" म्हणू लागली. हा पांडू म्हणजे नाईकांच्या घरचा गडी. त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. ती भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचे संवादलेखकही होते. ज्याला काहीच आठवत नाही, त्याच्याच हातानं सगळ्या घरादाराचं बोलणं लिहिलं जात होतं. कवी म्हणून मला याचं फार अप्रूप वाटलं.

आता आमच्या कट्ट्यावरचे तर्क सांगतो. सकाळी चहाच्या टपरीवर तीन पक्ष असत. पहिला भूतपक्ष. त्याचे पुढारी आमचे टेलर. ते कात्री खाली ठेवून सांगत, "सर, हे माणसाचं कामच न्हाई. अण्णाचा जीव घरात आडकलाय." दुसरा माणूसपक्ष. त्यात निवृत्त गुरुजी होते. घरातली शिकलेली सून नीलिमा प्रत्येक प्रकाराचा शास्त्रीय उलगडा करायची, तेव्हा गुरुजींची मान डोलायची. "भुताला काय करायची इस्टेट? ज्याला इस्टेट पाहिजे त्याला धरा," हा त्यांचा सिद्धांत. तिसरा पक्ष सर्वांत मोठा. त्याचं म्हणणं एकच, "पांडूच असणार. वेड्याचं सोंग घेतलंय त्यानं."

आणि एक चौथा पक्ष होता, तो कट्ट्यावर येत नसे. तो घराघरांतल्या बायकांचा. आमच्या घरी मी भूत की माणूस यावर बोलू लागलो की आमची बेगम म्हणे, "अजी, वो सब छोडो. चाब्या किसके पास है वो देखो पयले." बायका पाहायच्या ते वेगळंच. चाव्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला, जेवणावरून न जेवता कोण उठलं, माईंच्या समोर कोण खोटं बोलतंय आणि धाकल्या जावेला कोण टोमणे मारतंय. खरं सांगायचं तर पोलिसी तपास याहून वेगळा नसतो.

माझं स्वतःचं मत पहिल्या महिन्यातच पक्कं झालं होतं. अण्णांच्या मृत्युपत्राचा विषय निघाला आणि मी कट्ट्यावर जाहीर केलं, "मंडळी, या घरातलं खरं भूत सातबाऱ्यात आहे." बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बांधावरून सख्ख्या भावांचं बोलणं तुटलेली घरं आपल्या ओळखीची आहेत. शेवटी गुन्हेगार कोण निघालं ते सांगत नाही. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांचा रस कशाला घालवू? त्या शेवटावरून कट्ट्यावर आठ दिवस भांडण झालं, एवढंच सांगतो.

पण श्रोतेहो, मालिका संपल्यावर एक गोष्ट माझ्या मनात राहिली. सबंध घर संशयास्पद वागत असताना सर्वाधिक बोटं पांडूकडं का वळली? रोजच्या मालिकेत लेखकाला प्रत्येकावर संशय येईल अशी सोय ठेवावीच लागते, नाहीतर खेळ चालणार कसा? पण त्या एवढ्या माणसांतून आपण कुणाला निवडतो, हे लेखक ठरवत नाही, आपण ठरवतो. घरात अंगठी सापडेना झाली की आधी मोलकरणीची पिशवी झडते, तसंच हे. ज्याच्या मागं कुणी उभं नाही, त्याच्यावर संशय घेणं स्वस्त पडतं.

याचा दुसरा अर्धा भाग जानेवारी २०१९मध्ये दिसला. मालिकेचं दुसरं पर्व आलं आणि ते मागच्या काळात गेलं. अण्णा जिवंत. म्हणजे शेवट सगळ्यांना ठाऊक, तरी लोक पाहायला बसले. आता प्रश्न 'कुणी केलं' हा नव्हता, 'हा माणूस होता तरी कसा' हा होता. माधव अभ्यंकरांनी अण्णा असा उभा केला की त्यांच्या नुसत्या पाहण्यानं अंगावर काटा यावा. जमिनीचा लोभ, बाईचा लोभ, आडवा येईल त्याचा काटा काढणं, सगळं डोळ्यांसमोर घडत होतं. आणि लोकांनी काय केलं? अण्णांना डोक्यावर घेतलं. त्यांची आणि अपूर्वा नेमळेकरांनी केलेल्या शेवंताची नक्कल लग्नाच्या वरातीत होऊ लागली. आमचे टेलर कौतुकानं म्हणाले, "काय वचक आहे सर माणसाचा!"

निष्पाप पांडूवर संशय आणि गुन्हेगार अण्णांवर माया. हा आपल्या मनाचा हिशेब आहे.

२०२०मध्ये आलेल्या 'देवमाणूस'मध्येही तेच दिसलं. २०१६मध्ये उघडकीस आलेल्या वाईच्या बोगस डॉक्टरच्या प्रकरणावर ती मालिका बेतलेली. खुनी कोण, हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत. रहस्य एवढंच, की गावाला ते कधी कळणार? गाव त्याला देव म्हणत होतं, म्हणून गावाला ते दिसत नव्हतं.

'रात्रीस खेळ चाले' अंधश्रद्धा वाढवते, अशी ओरड तेव्हा झाली. मला त्या आक्षेपाची चिंता समजते. आपल्या मराठवाड्यानं भानामती पाहिली आहे. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठायच्या, घरावर दगड पडायचे आणि संशय जायचा तो गावात एकट्या राहणाऱ्या एखाद्या बाईवर. वाड्यातल्या मालकानं करणी केली, असं कुणी म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नाही. २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशाच दुबळ्यांच्या बाजूनं उभा राहण्यासाठी. मालिका बंद केल्यानं भूत जात नाही. ते आपल्या बोटाच्या टोकावर बसलेलं असतं. बोट कुणाकडं वळतं, ते पाहावं लागतं.

९ डिसेंबर २०२४ला आमच्याच केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. त्या दिवसांत टपरीवर मालिकेचा विषय कुणी काढला नाही. खून घराजवळ झाला की अंदाज बांधण्याचा खेळ उरत नाही. त्या महिन्यात लोक हजारोंच्या संख्येनं रस्त्यावर उतरले आणि न्याय मागू लागले. 'वचक' हा शब्द तेव्हापासून आमच्या टेलरच्या तोंडून कौतुकानं निघालेला मी ऐकला नाही.

म्हणून, श्रोतेहो, रहस्यमालिका जरूर पाहा. तर्क करा, पैजा लावा, चहा हरा. फक्त एक करा. संशय कुणाचा येतो ते मोठ्यानं सांगताना, तो त्याचाच का येतो, हेही एकदा मनाशी विचारा. आणि एखादा दुष्ट माणूस फार आवडू लागला, तर तो आपल्या शेजारी राहायला आलाय अशी कल्पना करून पाहा. पडद्यावरचा तपास लेखक केव्हातरी संपवतोच. हा दुसरा तपास आपला आपल्यालाच करावा लागतो.