इंटरनेट ही खैरात नव्हे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



इंटरनेटचा आणि शेतकऱ्याचा काय संबंध, असे आता कोणी विचारत नाही. सातबारा संगणकावर गेला. २०२१ पासून पीक पाहणीही मोबाईलवर आली. रेंज नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही तर उभे पीकही सरकारला दिसत नाही.

हे साधन गावात स्वस्तात यायचे कसे? एक रस्ता स्पर्धेचा. १८८५ च्या तार कायद्याने दळणवळणाचा मक्ता सरकारकडे ठेवला. १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुले झाले, तेही विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीच्या हातून. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि मग भाव उतरायला सुरुवात झाली. यात आम्हाला नवल नाही. बाजारात एकच गिऱ्हाईक असले की मालाचे काय होते, ते एकाधिकार कापूस खरेदीत आम्ही भोगले आहे. एकच विकणारा असला तरी तीच गत.

पण दहा घरांच्या पाड्यावर कोणी कंपनी आपणहून केबल टाकत नाही. त्यासाठी दुसरा रस्ता कायद्यातच आहे. तार कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीने सार्वत्रिक सेवा निधी आला. दूरसंचार कंपन्यांच्या हिशोबी महसुलातले शंभरातले पाच रुपये त्यासाठी घेतले जातात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला डिजिटल भारत निधी असे नाव दिले. कंपनीचा महसूल म्हणजे आमचे रिचार्ज. तेव्हा ही खैरात नव्हे, हा आमचाच पैसा आहे.

मेख पुढे आहे. हा पैसा आधी केंद्राच्या एकत्रित निधीत जमा होतो. संसद मंजूर करील तेवढाच त्या कामाला मिळतो. ग्रामपंचायतींना केबलने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला भारतनेट नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी आणखी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर करावे लागले. नाव बदलले की काम झाले, असे मानायला आम्ही तयार नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. पंचायतीत केबल आली का? आली तर महिन्यात किती दिवस चालू असते? ही केबल सर्व सेवा देणाऱ्यांना सारखीच खुली ठेवायची, असे योजनेतच ठरले आहे. मग तिच्यावरून घरोघर जोडणी द्यायला आपल्या गावात किती जण आले?

उत्तरे ठरावात लिहून घ्या आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेला व खासदाराला द्या. निधी मंजूर करणारी संसद आहे, आणि तिथे आपण निवडून दिलेला माणूस बसतो. शेतमालाचा भाव मागताना आम्ही मेहेरबानी मागितली नाही. इथेही मागायची नाही. हिशोब मागायचा.