मागच्या वेळी सात, या वेळी अकरा



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. मुलांच्या मनाची तज्ज्ञ नाही. आज सांगणार आहे ती घरात झालेली एक चूक, आणि ती माझीच होती.

माझी मुलगी सहावीत असताना तिच्या दप्तराच्या तळाशी गणिताचा पेपर घडी करून ठेवलेला सापडला. वीसपैकी चौदा. मी म्हटलं, ''अगं, लपवलास कशाला? चौदा काही वाईट नाहीत.'' ती म्हणाली, ''तू लगेच विचारतेस, सगळ्यांत जास्त कोणाला? मग माझे चौदा वाईटच होतात.''

मला उत्तर सुचलं नाही. ऑफिसात दरवर्षी सहकाऱ्यांशी तुलना होऊन श्रेणी मिळते, तेव्हा मी आठवडाभर धुमसत असते. तेच मी घरी लेकीला करत होते.

त्या रात्री मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. पेपर तपासताना बाई प्रत्येकाच्या गुणांशेजारी त्याचेच मागच्या चाचणीचे गुण लिहायच्या. नववीत माझ्या पेपरवर लिहिलं होतं, '११, मागे ७'. तेव्हा वर्गात पहिलं कोण आलं, मला आठवत नाही. ते अकरा मात्र अजून आठवतात.

आम्हीही प्रोग्रामची नवी आवृत्ती तिच्याच जुन्या आवृत्तीशी ताडून बघतो. काय सुधारलं, काय बिघडलं, ते त्यातूनच कळतं.

आता मी मुलीबरोबर पेपर घेऊन बसते. ''मागे अपूर्णांकांचा भागाकार अडत होता, या वेळी तिन्ही गणितं बरोबर. कसं जमवलंस?'' एवढंच विचारते. ''किती गं हुशार!'' म्हणणंही कमी केलंय. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांच्या हुशारीचं कौतुक झालं होतं, ती मुलं अपयश येताच लवकर खचली. सोडवायची नवी रीत शिकण्यापेक्षा इतरांना किती गुण मिळाले, हे बघण्यात त्यांना जास्त रस होता. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं मात्र टिकून राहिली.

आपल्या वेळी वर्तमानपत्रात बोर्डाची गुणवत्ता यादी यायची. बोर्डाने ती केव्हाच बंद केली. आपण ती व्हॉट्सॲपवर चालू ठेवली आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्या ग्रुपवर टक्क्यांचा पाऊस पडतो. मागच्या वर्षी त्या दिवशी आपली एक मैत्रीण गप्प होती. तिच्या परवानगीने सांगते. तिच्या मुलाला ५८ टक्के मिळाले होते. नववीत इंग्रजीत नापास झालेला मुलगा वर्षभर पहाटे उठून अभ्यास करून सगळ्या विषयांत पास झाला होता. ''घरात पेढे आणले गं,'' ती मला फोनवर म्हणाली, ''पण ग्रुपवर सांगायची हिंमत झाली नाही.''

त्या पेढ्यांना आपण सगळे मुकलो.

म्हणून एक विनंती. या वर्षी निकालाच्या दिवशी ग्रुपवर टक्के नकोत. आपल्या मुलाला गेल्या वर्षी न येणारी कोणती गोष्ट आज येते, ते एका वाक्यात लिहू या. पास-नापास सगळ्यांचं.

आणि बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. त्या '११, मागे ७' बद्दल, उशिरा का होईना, मनापासून आभार.