पाहुण्याच्या आंघोळीचे पाणी कोण वाहणार?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळी कल्याणहून मुरबाडकडे येताना मोटारसायकलींची रांग लागली होती. ठाण्याची, डोंबिवलीची पोरे. कोणी माळशेजला, कोणी गोरखगडाला, कोणी सिद्धगडाला निघालेले. बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या त्यांनी कल्याणातच घेतलेल्या. परत जाताना आपल्या गावाला काय देऊन जाणार? रिकाम्या बाटल्या! त्यांना तरी बोल कसा लावायचा? त्यांनी विकत घ्यावे असे आपण मांडून ठेवले आहे काय?

ही वाट काही आजची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. सातवाहनांनी तिथे कातळ फोडून वाट केली, वाटसरूसाठी पाण्याची टाकी खोदली, थांबायला लेणे कोरले. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात गोळा करीत असे सांगतात. म्हणजे जकात घेणाऱ्याने पाण्याची सोयही केली होती. आताचे राज्यकर्ते पार्किंगची पावती आधी फाडतात. पाण्याचे पुढे बघू म्हणतात.

पाण्याचेच बोलू. तानसा धरण १८९२ सालचे. भातसा त्यानंतरचे. दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि पाणी जाते मुंबईला. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बाया उभ्या असतात. आता आपल्याला सांगतात, कृषी पर्यटन करा. २०२० साली राज्याने त्याचे धोरण आणले, नोंदणी केली की प्रमाणपत्र मिळते. मिळू दे, चांगलेच आहे. पण प्रमाणपत्राला नळ नसतो.

शहरातले चौघे मुक्कामाला आले, तर त्यांच्या आंघोळीचे पाणी कोण वाहते? घरातली बाई. विहिरीवर किती खेपा जास्तीच्या झाल्या, ते तिलाच विचारा. थाळीचा भाव काढताना आपण तांदूळ धरतो, कोंबडी धरतो, फार तर सरपण धरतो. हंड्याचा हिशेब कोणी धरला आहे? भाताच्या उत्पादन खर्चात घरच्यांची मजुरी धरा म्हणून आपणच भांडतो ना? मग स्वतःच्या पडवीत तोच अन्याय आपण करायचा काय? (टाळ्या)

पाऊस लागला की धबधब्यांवर, धरणांवर मनाई हुकूम निघतात. माणूस बुडू नये, हे मान्यच. पण ज्या दिवसांत कणसे भाजून चार पैसे सुटतात, तेच दिवस बंद! आणि एवढे करून कोणी दरीत अडकलाच, तर रात्री दोर घेऊन धावतो कोण? लावणी सोडून आपलीच पोरे. त्यांना शिक्षण द्या, दोर द्या, रोज द्या. डोंगरात फोनला रेंज द्या, म्हणजे निरोप तरी वेळेवर मिळेल. हुकमाच्या कागदाने आजवर कोणी वर ओढून काढलेला नाही.

"जागा वनखात्याची आहे, काही करता येत नाही," हे उत्तर तुम्ही सगळ्यांनी ऐकले असेल. त्यापुढे नीट ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) काढून वाचा. सरकारने चालवायच्या तेरा सोयी त्यात दिल्या आहेत. रस्ता, पिण्याचे पाणी आणि जलवाहिनी, तळे, दवाखाना, विजेच्या आणि फोनच्या तारा, समाजमंदिर. प्रत्येक सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, आणि तोडायची झाडे हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त नकोत. शिफारस ग्रामसभेची लागते. मंत्रालयाच्या दारात जाऊन बसण्याआधी आपल्या देवळासमोर बसून ठराव करता येतो, तो किती गावांनी केला? स्वच्छतागृह मात्र त्या यादीत नाही, हेही सांगून ठेवतो. ते मालकीच्या किंवा गावठाणाच्या जागेत बांधावे लागेल, नाहीतर कोणीतरी उगाच अर्ज करायचा आणि तो वर्षभर फिरत राहायचा.

या सोयी मागायच्या त्या पाहुण्याच्या नावाने मागू नका. आपल्या बायकापोरांच्या नावाने मागा. नळ आला तर पाहुणाही त्याच नळाचे पाणी पिईल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने ठरावाची नक्कल आणावी. आणि थाळीचा हिशेब मांडून आणावा, हंडे धरून. तो हिशेब मात्र घरातल्या बाईने मांडायचा.