कळा सुरू होण्याआधीच ठरवू या



परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि बाळंतपणाचा विषय निघाला. एकीची सून रात्री नऊपासून कळा देत होती. घरचे म्हणाले, "रात्र काढू, सकाळी बघू." मध्यरात्री पाणी गेलं. मग गाडी कुणाची, पैसे कुठले, कार्ड कुठं ठेवलंय, यातच दोन तास गेले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण ते दोन तास आम्ही विसरलो नाही. म्हणून आज बोलतोय.

आधी कळ ओळखू या. शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून कडक होतं. पाणी प्यायलं, कुशीवर पडलं की ते थांबतं. त्या खोट्या कळा. खरी कळ थांबत नाही. बहुतेक वेळा ती कंबरेतून उठते, ओटीपोटात येते आणि वेळ धरून येते. आधी पंधरा-वीस मिनिटांनी, मग दहा, मग पाच. घड्याळ बघून लिहून ठेवा.

या कळांनीच गर्भपिशवीचं तोंड हळूहळू उघडतं. पहिलटकरणीला बारा तास, कधी जास्तही लागतात. दुसऱ्या खेपेला लवकर होतं. तोंड पूर्ण उघडण्याआधी "जोर लाव, जोर लाव" म्हणू नका. बाई नुसती दमते. तोवर तिनं चालावं, घोट घोट पाणी किंवा पेज घ्यावी, कळ आली की लांब श्वास सोडावा. आणि कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणाकडूनही घेऊ नका. त्यानं पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं.

कळा वेळ धरून यायला लागल्या की निघा. दवाखाना लांब असेल तर आणखी लवकर. पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं फार ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, झटके आले किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कळा नसल्या तरी लगेच निघायचं.

तयारी कधी करायची? ओटीभरणाच्या दिवशी ओटीबरोबर एक पिशवीही भरा. तपासणीचं कार्ड, रिपोर्ट, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, धुतलेले मऊ सुती कपडे. १०२ ची गाडी फुकट येते, तो नंबर भिंतीवर लिहा. शेजारच्या गाडीवाल्यालाही सांगून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, सगळं मोफत आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, की कार्ड तिच्यासोबत हवं आणि माहेरच्या आशाताईला तिचं नाव कळवायला हवं.

शेवटची गोष्ट. कर्ता माणूस घरी नसेल तर निघायचं कुणी ठरवायचं? आमच्या गटानं ठरवलंय, जिला कळा येतात तिनंच. ती "निघू या" म्हणाली की सासूनं पिशवी उचलायची.

तुमच्या पुढच्या बैठकीत दिवस भरत आलेल्या बायकांची यादी करा. प्रत्येक नावापुढं गाडीवाल्याचा नंबर आणि सोबत जाणारीचं नाव लिहा. एवढं काम दिवसाउजेडी झालं, तर रात्री धावपळ होणार नाही.