किल्ली कुणाच्या हाती?



आमच्या छोट्याशा साहित्य मंडळानं मध्यंतरी नव्या कवींचा एक संग्रह काढला. कविता गूगल डॉक्समध्ये एकत्र केल्या. फाइल माझ्या नावावर. रोज कुणी ना कुणी परवानगी मागायचं. शेवटी कंटाळून मी 'लिंक असलेला कुणीही' हा पर्याय निवडला आणि त्यापुढं 'एडिटर' करून टाकलं. काम झटपट झालं. पुस्तक छापून आलं आणि एका मुलीचा फोन आला, "सर, माझ्या कवितेतल्या अब्बांचे बाबा कुणी केले?"

मी फाइलचा जुना इतिहास उघडला. बदल दिसला, वेळ दिसली. नावाच्या जागी मात्र 'अनामिक'. लॉग-इन न करता लिंकवरून आलेल्या माणसाचं नाव तिथं उमटत नाही. मूळ शब्द फाइलमध्ये परत आणता आला, छापील प्रतींत नाही. दार मीच उघडं टाकलं होतं, दोष कुणाला देणार?

मग मी ही व्यवस्था नीट समजून घेतली. ती आपल्या घरासारखीच आहे. 'व्ह्यूअर' म्हणजे ओट्यावर बसलेला पाहुणा; तो फक्त वाचतो. 'कमेंटर' सूचना करतो, पण ती मान्य होईपर्यंत मूळ मजकूर जागचा हलत नाही. 'एडिटर' थेट माजघरात येतो; लिहितो, खोडतो. आणि मालक एकच असतो.

दोन गोष्टी सहसा ध्यानात येत नाहीत. एक म्हणजे, मालकानं ती सोय बंद केली नसेल तर एडिटर आणखी माणसांना आत घेऊ शकतो. दुसरी, एखादं फोल्डर कुणाला दिलं, की त्यातल्या फाइलीही त्याला मिळतात. एक कागद दाखवायचा म्हणून आपण अख्खं कपाट हवाली करतो. शिवाय नंतर परवानगी काढून घेतली, तरी आधी उतरवून घेतलेली प्रत त्याच्यापाशी राहतेच.

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यातलं एक तत्त्व साधं आहे : ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार. यात अविश्वास नाही. चूक झालीच, तर ती थोडक्यात आटोपावी एवढाच हेतू.

आता आमच्या मंडळात कवी फक्त आपल्या कवितेची फाइल बदलतो. मुद्रितं तपासणारे सूचना करतात, आणि त्या मान्य करायच्या की नाही हे कवी ठरवतो. काम संपलं, की परवानग्यांची यादी मी पुन्हा पाहतो.

उरलेल्या प्रतींत आम्ही शुद्धिपत्र चिकटवलं. त्यात एकच ओळ आहे : 'बाबा' ऐवजी 'अब्बा' वाचावे. ती चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं चिकटवली. प्रत्येक प्रतीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)