एनोला होम्स आणि लंडनची गाडी

आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय, पण त्यात आमच्या घरातलं एक भांडणही येणार आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघांनी 'एनोला होम्स' पाहिला. नेटफ्लिक्सवर तो २०२० साली आला. नॅन्सी स्प्रिंगर यांच्या कादंबरीवरून केलेला. शेरलॉक होम्सला एक धाकटी बहीण असती तर, ही त्यातली कल्पना. मिली बॉबी ब्राउननं ही एनोला झकास रंगवली आहे. मधूनच ती कॅमेऱ्याकडे वळून थेट आपल्याशी बोलते. मग कोडी सोडवायला आपणही तिच्यासोबत निघतो.

काळ १८८४ चा. एनोलाच्या सोळाव्या वाढदिवशी तिची आई घरातून नाहीशी होते. मागे उरतात सांकेतिक निरोप. थोरला भाऊ मायक्रॉफ्ट तिला 'वळण लावणाऱ्या' शाळेत घालायचं ठरवतो. ती मुलाचे कपडे चढवून निसटते आणि लंडनची गाडी पकडते. पुढचं रहस्य मी सांगणार नाही.

मायक्रॉफ्टवर मी मनसोक्त चिडलो. तेव्हा आमची सतरा वर्षांची कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, तू पण तेच करतोस ना?"

झालं होतं असं, की तिला लंडनला एका विद्यापीठाच्या ओपन डेला एकटीनं रेल्वेनं जायचं होतं. मी म्हटलं होतं, "कशाला? मी गाडीनं सोडतो." तिच्या फोनचं लोकेशन तर मी दिवसातून चारदा बघतो. काळजीपोटीच हो! पण मायक्रॉफ्टही काळजीच्याच नावाखाली सगळं करत असतो.

मी विषय बदलायला म्हटलं, "अगं, तो काळच वेगळा." आणि बोलता बोलता मला रखमाबाई आठवल्या. त्याच १८८४ साली, मुंबईत, रखमाबाईंवर नवऱ्यानं दावा लावला होता, नांदायला यावं म्हणून. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे त्या इथं लंडनला येऊन डॉक्टर झाल्या आणि परत जाऊन सुरत, राजकोटला त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं.

एनोला कल्पनेतली, रखमाबाई खऱ्या. पण दोघींच्या पाठीशी घरातलं कुणीतरी होतं. एनोलाला आईनं बुद्धिबळ, विज्ञान, मारामारीसुद्धा शिकवली. रखमाबाईंच्या बाजूनं त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे राहिले. धीट मुलगी बघायला आपल्याला फार आवडते, पडद्यावर असली की. आपल्या घरातली निघाली, की मात्र आपण गाडीची किल्ली शोधायला लागतो.

तर येत्या शनिवारी ती एकटी जाणार आहे. माझी अट एकच, पोचल्यावर फोन करायचा. ती म्हणाली, "मेसेज करीन." तेवढ्यावर तडजोड झाली. लोकेशन बघायचं नाही, असं मी कबूल केलंय. बघू, जमतंय का ते!

सिनेमा मुलांसोबत जरूर बघा. थोडी मारामारी आहे, तेव्हा लहानग्यांना जवळ घेऊन बसा. आवडला तर २०२२ चा दुसरा भागही बघा. त्यात लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी १८८८ साली केलेल्या खऱ्या संपाचा धागा आहे.